हवेतले तास

दुकानात तिला सगळे तिकीटबाई म्हणत. खरं नाव मालकांना पगाराच्या दिवशी आठवत असेल, तेवढंच. दुकान म्हणजे चौकातल्या इमारतीच्या तळमजल्यावरची एक लांबट खोली. एका अंगाला चष्मेवाला, दुसऱ्या अंगाला झेरॉक्सवाला आणि मधे ही विमानाची तिकिटं काढून देणारी मंडळी. मंडळी तीन: मालक, तिकीटबाई आणि पंखा, असं झेरॉक्सवाला म्हणायचा, कारण पंख्याचा आवाज मालकांपेक्षा मोठा होता.

आता लोक घरबसल्या फोनवर तिकिटं काढतात, मग या दुकानात येतं तरी कोण, असं कुणालाही वाटेल. येतात. ज्यांची मुलं परदेशात आहेत असे आईबाप येतात. पहिल्यांदा जाणारे येतात. ज्यांना तिकिटापेक्षा कुणीतरी समोर बसून 'काही होत नाही, जा बिनधास्त' म्हणायला हवं असतं, तेही येतात. खुर्चीत टेकले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. किती तास?

आणि इथेच या धंद्याची गंमत होती. दुकानात तास दोन प्रकारचे होते, हवेतले आणि खालचे. चाकं जमिनीवरून उचलली की हवेतले सुरू, टेकली की बंद. घरून निघणं, रांगा, तपासण्या, मधल्या विमानतळावर पुढच्या विमानासाठी ताटकळणं, बॅग येईपर्यंत त्या फिरत्या पट्ट्याकडे आशाळभूतपणे बघणं, हे सगळे खालचे. मालकांचा दंडक होता की गिऱ्हाईकाला हवेतले सांगायचे, खालचे ज्याचे त्याला कळतात. यात खोटं बोलणं नव्हतं. कापडवाला मापताना कापड जरा ताणतो, इथे तास जरा आखडून घ्यायचे, एवढाच फरक. शिवाय ज्याला खालचे तास कळायचे तो तोवर फार लांब गेलेला असायचा आणि तिथून भांडायला कोणी परत येत नाही.

मागे राहिलेल्यांचे मात्र फोन यायचे. बाई, आमचे हे कुठवर गेले असतील? त्यालाही उत्तर तयार होतं. "हवेत आहेत. उतरले की करतील फोन." प्रत्यक्षात तो गृहस्थ मधल्या कुठल्यातरी विमानतळावर उशाला बॅग घेऊन बाकावर आडवा झालेला असायचा. पण दुकानाच्या हिशेबी माणूस निघाला की हवेत, पोहोचला की खाली, मधलं काही नाही. या उत्तराने लोकांना बरं वाटायचं. हवेतल्या माणसासाठी इथे बसून काही करता येत नाही म्हटल्यावर डोक्यावरचं ओझं जरा उतरतं, आणि माणूस जेवायला बसतो. वीस-बावीस वर्षं हेच वाक्य बोलून ते तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की फोन वाजला तरी जिभेवर यायचं.

तिचं लग्न झालं होतं, टिकलं नाही. कोणी विचारलंच तर ती म्हणायची, ते तिकीट रद्द झालं, आणि विषय संपवायची. तेव्हापासून ती आईबाबांकडेच होती. दोन खोल्या, एक गॅलरी, गॅलरीत बाबांची खुर्ची. बाबा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होते, इंजिनाशेजारी बसून कान जड झालेले. निवृत्त होऊन जमाना झाला तरी गल्लीत त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणत, आणि तेही कुणी घाईने चालताना दिसलं की खुर्चीतून 'गियर बदल, गियर बदल' म्हणून सल्ला देत.

बाबांचं तासांचं शास्त्र दुकानाच्या बरोबर उलटं होतं. गाडी पाचला पोहोचणार असेल तर ते घरी सात सांगायचे. रस्ता आहे, टायर आहे, शेवटी माणूस आहे, म्हणायचे. त्यामुळे सगळ्या जन्मात ते कधी उशिरा आले नाहीत. आई दार उघडताना नेहमी 'अगोबाई, इतक्यात?' म्हणायची, आणि त्या दोन शब्दांसाठी हा माणूस आयुष्यभर दोन-दोन तास वाढवून सांगत आला, असं तिकीटबाईचं मत होतं.

तिचा धाकटा भाऊ, ज्याला घरात सगळे धाकटाच म्हणत, नोकरीसाठी लांब गेला तेव्हा बाबांनी तिला पहिला प्रश्न तासांचा नाही, किलोमीटरचा विचारला. इथल्या विमानतळापासून तिथल्या विमानतळापर्यंत सरळ रेषेत नऊ हजारांच्या वर, असं तिने सांगितलं. बाबांनी डोळे मिटून ओठ हलवले. मग म्हणाले, माझ्या गाडीने बावीस दिवस, एक पंक्चर धरून. मधे समुद्र आहे, असं आईने लक्षात आणून दिलं. मग तेवीस धरा, म्हणाले.

ती स्वतः त्या वाटेने एकदा गेली होती, धाकट्याकडे. जाताना मधल्या विमानतळावर एवढी बसली की पाय सुजून चपला चढेनात. परत आल्यावर शेजारणीने विचारलं, किती तास गं लागले? तिकीटबाई म्हणाली, चौदा. आणि आपण काय बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

बाबांचं दुखणं पोटात सुरू झालं आणि हाडांत गेलं. याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्यांना दवाखान्यात हलवलं त्या दिवसापासून तिकीटबाई कशी सुन्न होऊन गेली होती. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, लागली तर कळत नव्हती. ती औषधं आणायची, चादर सारखी करायची, आईचे केस विंचरून द्यायची, डॉक्टरीणबाई काय म्हणतात त्यावर मान हलवायची. आपण ही कामं करतो आहोत हे तिला जरा लांबून दिसायचं, जणू काचेपलीकडे दुसरीच कुणी बाई उभी आहे.

एका दुपारी चारच्या सुमारास डॉक्टरीणबाईंनी तिला आणि आईला खोलीबाहेर घेतलं. तरुण होत्या, पण बोलायला आडपडदा नाही. आता दुखणं गोळ्यांना दाद देणार नाही, म्हणाल्या. एक इंजेक्शन आहे, त्याने वेदना थांबतील, पण शुद्ध राहणार नाही, आणि ते पुन्हा जागे होऊन बोलतील असं आपण धरून चालू नये. केव्हा द्यायचं ते तुम्ही ठरवा. आई तिकीटबाईकडे बघायला लागली. तिकीटबाई म्हणाली, बाबांनाच विचारू.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. कपाळावर घाम होता आणि खाटेची कड त्यांनी धरून ठेवली होती, मोठ्या वळणावर स्टिअरिंग धरतात तशी. धाकटा येऊ दे, म्हणाले. त्याच्याशी बोलायचंय. मग द्या.

तिने तिथेच व्हरांड्यात उभं राहून धाकट्याला फोन केला. तो म्हणाला, निघतो. कपडेसुद्धा बदलत नाही, निघतो. तिने उभ्याउभ्या तिकीट काढलं. बोटं आपली आपण चालत होती. सगळं झाल्यावर ती खोलीत गेली. बाबांनी विचारलं, "किती तास लागतील त्याला?"

"चौदा," ती म्हणाली.

बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंना म्हणाले, निघतील तेवढे तास. सकाळी द्या तुमचं इंजेक्शन. डॉक्टरीणबाईंनी जरा वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि कागदावर तसं लिहून त्या गेल्या.

पाण्याची बाटली भरायला तिकीटबाई खाली गेली, आणि नळाखाली बाटली धरलेली असताना तिला कळलं. चौदा हे हवेतले. खालचे धरले तर सत्तावीस. धाकटा उद्या सकाळी नाही, उद्या संध्याकाळी येणार. बाटली भरून वाहायला लागली तरी ती तशीच उभी. मागच्या माणसाने अहो बाई म्हटलं, तेव्हा ती बाजूला झाली.

वर जाऊन सांगायचं, बाबा, माझं चुकलं, एवढंच काम होतं. दोन मिनिटांचं. तिने ते केलं नाही. का नाही केलं, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एकदा सांगितलेले तास वाढवून सांगायला ती जन्मात कधी गिऱ्हाईकाकडे परत गेली नव्हती. ते त्यांचं त्यांना कळतं, तोवर काहीतरी होतं, माणूस वाटेत झोपतो, वेळ निघून जातो. असलंच काहीतरी तिच्या डोक्यात होतं. डोकं तरी कुठे होतं म्हणा. ती वर आली, बाबांच्या तोंडाला चमच्याने पाणी लावलं आणि मूग गिळून खुर्चीत बसली.

ती रात्र बाबांनी कशी काढली ते आईने पाहिलं नाही, कारण आईला तिने बाहेरच्या बाकावर झोपवलं होतं. बाबा ओरडले नाहीत. कळ आली की दात आवळायचे आणि कळ गेली की घड्याळ बघायचे. उजाडायच्या बरंच आधी ते दाराकडे बघायला लागले. तिला आधी उमगेना. मग लक्षात आलं. ही आपली मुलगी, चौदा म्हणतेय म्हणजे दोन वाढवून म्हणतेय, पोरगं बाराच तासांत येणार, असा बाबांचा हिशेब होता. घरातली रीतच ती होती. व्हरांड्यात कुणी येताना दिसलं की ते मान उचलायचे, माणूस पुढे गेला की मान खाली ठेवायचे.

सहा वाजून गेले. सात झाले. आठ झाले. नर्स येऊन विचारून गेली, बाबांनी हातानेच थांब म्हटलं. आता कळांच्या मधे फट उरली नव्हती. नऊच्या आसपास त्यांनी तिला खुणेने जवळ बोलावलं.

"खरे तास सांग," ते म्हणाले.

"संध्याकाळ होईल, बाबा. अजून दहा तास."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, निदान तिला काहीतरी लागलं असतं. ते छताकडे बघत पडले, रस्ता बंद आहे असं कळल्यावर ड्रायव्हर गाडी बंद करून बसतो तसे. थोड्या वेळाने म्हणाले, तेवढे नाही निघणार माझ्याच्याने. मग श्वास गोळा करून म्हणाले, "फोन लाव त्याला. आवाजावरच बोलतो."

आणि तिकीटबाई म्हणाली, "तो हवेत आहे, बाबा. उतरला की करेल फोन."

किती हळुवारपणे म्हणाली. वीस-बावीस वर्षांचा सराव होता. बाबांनी मान हलवली, जशी दुकानातली माणसं हलवायची. हवेतल्या माणसाला काय करणार? त्यांनी खाटेची कड सोडली आणि नर्सला बोलवायची खूण केली. डॉक्टरीणबाई आल्या. आईला आत बोलावलं. आईने त्यांचा हात हातात घेतला, काहीतरी पुटपुटली, आणि बाबा तिला म्हणाले, जेवून घे. ते त्यांचं शेवटचं वाक्य. थोड्या वेळात कपाळावरच्या आठ्या गेल्या. आई म्हणाली, किती दिवसांनी शांत झोपलेत.

दिवसभर ते तसेच होते. छाती वरखाली होत होती, मधेच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. दुपारी मालक येऊन गेले. दुकानाची काळजी करू नका म्हणाले, आणि जाताना दाराशी थांबून विचारलं, भाऊ कुठवर आला? हवेत आहे, तिने सांगितलं. मालकांनी समजून मान डोलावली. इतकी वर्षं लोकांना हेच सांगत आलेल्या त्या दोघांना त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने आईला जबरदस्तीने चार घास खायला लावले, स्वतः चहा घेतला, कपबशी धुऊन जागेवर ठेवली. काहीच वाटत नव्हतं. उलट, बाबांची कळ थांबली म्हणून बरंच वाटत होतं.

संध्याकाळी सातला धाकटा आला. पाठीवर एकच बॅग, कालचाच शर्ट, गालावर दाढीचे खुंट. दारातच त्याला कळलं. तो खाटेपाशी आला, बाबांच्या गालाला हात लावला, 'बाबा' म्हणाला, पुन्हा म्हणाला, आणि मग खाली फरशीवरच बसला. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. 

"केव्हापासून झोपलेत?" त्याने विचारलं.

सकाळी नऊपासून, तिकीटबाई म्हणाली. फार सहन केलं, मग नाही जमलं.

धाकट्याने बोटांवर हिशेब केला, इथले नऊ म्हणजे तिथले किती, हा. मग एक सुस्कारा टाकला. म्हणाला, मी तेव्हा मधल्या विमानतळावर बसलो होतो. विमानात चढायच्या दारासमोरच्याच खुर्चीत, फोन हातात धरून. पाच-सहा तास होतो तिथे. शंभरदा वाटलं तुला फोन लावावा, पण लावायची छाती होईना. म्हटलं, काही कमी-जास्त असेल तर ताईचाच येईल. नाही आला, म्हटलं ठीक असेल.

तो हे कुणाला टोचावं म्हणून सांगत नव्हता. आल्या माणसाने प्रवासाचं सांगावं तसंच सांगत होता. पुढे म्हणाला, "तसंही, बाबा बोलण्यासारखे असते तर तू लावलाच असतास."

 आणि तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिकीटबाईला दुखलं. ती काच, जिच्यापलीकडे ती इतका वेळ स्वतःला कामं करताना बघत होती, ती नाहीशी झाली आणि सगळं एकदम अंगावर आलं. तो हवेत नव्हता. खाली होता, जमिनीवर, खुर्चीत, एका बोटाच्या अंतरावर. त्या विमानाला, त्या वाटेला, त्या मधल्या खुर्च्यांना तिच्याइतकं जगात कोण ओळखत होतं? तिकीट तिनेच काढलं होतं. बाबांनी फोन मागितला आणि तिने त्यांना गिऱ्हाईकासारखं वाटेला लावलं.

धाकट्याला हे माहीत नव्हतं. कळायचं काही कारणही नव्हतं. सकाळी त्या खोलीत बाबा आणि ती, दोघंच होती. ती गप्प राहिली असती तर तो तेवढं समाधान घेऊन परत गेला असता, की मी काही करू शकत नव्हतो. लोकांना असं समाधान देऊनच तर तिने पोट भरलं होतं.

"त्यांनी सांगितलं होतं लावायला," ती म्हणाली. "सकाळी, इंजेक्शनच्या आधी. म्हणाले, आवाजावरच बोलतो. मी म्हटलं, तो हवेत आहे."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. अर्थ लागायला त्याला जरा वेळ लागला. तो लागताना त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते तिने सगळं बघितलं, नजर वळवली नाही. तो काहीतरी बोलेल म्हणून ती उभी राहिली. बोलायला हवं होतं त्याने. काय वाट्टेल ते. पण तो गुडघ्यांवर उठला, खाटेच्या कडेला कोपर टेकवलं, बाबांच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू काहीतरी सांगायला लागला. काय ते तिला ऐकू येईना. पुढे होऊन ऐकावं एवढा आपला हक्क राहिला आहे असंही तिला वाटेना.

आई खाटेच्या पायथ्याशी चादर नीट करत होती. या दोघांचं काय बोलणं झालं ते तिच्यापर्यंत पोहोचलंच नव्हतं.

"जरा मोठ्याने बोल रे," ती धाकट्याला म्हणाली. "इंजिनाने कान गेलेत त्यांचे. असं हळू बोललास तर काय कळणार त्यांना?"